आधी सोडा, मग घ्या!

उन्हाळा आला की एसी ऑफिसात खुर्चीला चिकटलेल्या आपल्या जमातीला पोहण्याचा झटका येतो. नवा कॉश्च्यूम येतो, गॉगल येतो, टँकचा तीन महिन्यांचा पास येतो. आणि तिसऱ्या आठवड्यात पास पाकिटातच राहतो. कारण विचारा, उत्तर ठरलेलं, ‘‘स्टॅमिनाच नाही यार! एका लॅपमध्ये धाप लागते.’’

बिचाऱ्या स्टॅमिनाला उगाच बदनाम करू नका. आमच्या सकाळच्या बॅचला एक काका येतात. साठी ओलांडलेली, पोट बऱ्यापैकी सुटलेलं. ते न थांबता आरामात वीस लॅप मारतात. शेजारच्या लेनमध्ये जिममध्ये कमावलेल्या दंडांचा एक तरुण पंचवीस मीटरमध्येच काठाला लटकतो. फरक फक्त श्वासाचा. नीट सांगायचं तर, श्वास सोडण्याचा!

होतं काय, की तोंड पाण्यात गेलं की आपण श्वास कोंडून धरतो. मग तोंड बाहेर आल्यावर त्या क्षणभरात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा. दोन्ही कामं अर्धवट. कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मेंदूतली घंटा वाजायला लागते. तो जीव गुदमरतो ना, तो बहुतेक वेळा ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून.

म्हणून नियम नंबर एक : तोंड पाण्यात गेलं की लगेच नाकातोंडातून बुडबुडे सोडायला लागा. सावकाश, सलग, गुणगुणल्यासारखे. बाहेर आल्यावर फक्त घ्यायचं काम उरलं पाहिजे.

नियम नंबर दोन : डोकं उचलू नका, वळवा. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात. मग तुम्ही पोहत नाही, पाण्यात जिना चढता. गावच्या विहिरीत डोकं वर ठेवून शिकलेल्यांना ही सवय मोडायला थोडा वेळ लागतो. एक हात पुढे लांब ठेवा, दुसरा मागे जात असताना खांद्यासोबत अख्खं अंग कुशीवर वळू द्या. मान आपोआप वळते. गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. पुढे जाणाऱ्या डोक्यामुळे तोंडाजवळ पाण्यात छोटासा खड्डा पडतो, तिथे हवा मिळते. मागचा हात पुढे येईपर्यंत तोंड पुन्हा पाण्यात.

दर किती हातांनी श्वास घ्यायचा? तीन हातांनी घेतला तर दोन्ही बाजू आलटून पालटून येतात, अंग एका बाजूला झुकत नाही. पण दम लागत असेल तर खुशाल दर दोन हातांनी घ्या. लाज कसली? २०१२ ते २०२४ अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकणारी केटी लेडेकी बहुतेक वेळा एकाच बाजूला, उजवीकडे श्वास घेते.

प्रॅक्टिस सोपी आहे. पाच मिनिटं काठ धरून नुसते बुडबुडे. मग काठ धरूनच पाय मारत मान वळवायची. हे अंगवळणी पडलं की मगच हात.

आता एक सीरियस गोष्ट. ग्रुपमध्ये एखादा हीरो असतोच, ‘एका श्वासात पाण्याखालून पलीकडे जाऊन दाखवतो’ म्हणणारा. त्याआधी तो जोरजोरात भराभर श्वास घेतो. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणजे ती मघाचची घंटाच वाजत नाही. ऑक्सिजन मात्र संपत जातो आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. गुदमरल्याची सूचनासुद्धा न मिळता. पट्टीचे पोहणारेही यात गेले आहेत. कंबरभर पाण्यातही हे होऊ शकतं. तेव्हा अशी पैज लावू नका, कुणाला लावू देऊ नका.

बाकी अप्रायझलच्या सीझनमध्ये श्वास रोखून बसायची प्रॅक्टिस आपल्याला भरपूर आहे. निदान टँकमध्ये तरी सोडा!