भूत मानत नाही, पण भितो मात्र

वाचकहो, आम्ही भूत मानत नाही. तरी टीव्हीवर भुताचा सिनेमा लागला की आमचे पाय आपोआप खाटेवर येतात. घरातली पोरे हसतात आणि रोखठोक विचारतात, 'मानत नाही, तर मग भिता कशाला?' सवाल रास्त आहे.

उत्तर असे, की भीती आधी अंगाला कळते, विचार मागाहून येतो. रात्री अंधारात भांडे पडले तर भला विचारी माणूसही दचकतो. छाती धडधडते, घाम सुटतो. मग कळते, मांजर होते. सिनेमावाले नेमके या मधल्या क्षणावर पोट भरतात. आधी सारे शांत ठेवतात, सावकाश दाराकडे नेतात आणि एकदम मोठा आवाज करतात. म्हणून भित्र्या मंडळींनी डोळे झाकण्यापेक्षा कान झाकावेत. निम्मी भीती तिथेच संपते.

मात्र नुसते दचकवणारे सिनेमे आम्हांला नकोत. डोके चालवून हसवणारे असतील तर आम्ही घाबरत घाबरत शेवटपर्यंत बसतो.

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) घ्या. तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्ये यांनी तो बाहुला घडवला, दिलीप प्रभावळकर यांनी तात्या साकारला. पण खरी हुशारी पुढेच आहे. बाहुला येतो तो लक्ष्याच्या घरी, आणि लक्ष्याचा, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांचा, धंदाच मुळी बोलक्या बाहुल्यांचा! 'बाहुला आपणहून बोलतो' असे त्याने सांगितले, तर लोक कसे विश्वास ठेवणार? तो जितका घाबरतो, तितके आपण हसतो. आणि ते एवढेसे बाहुले दादागिरी करू लागले, की भीती आणि हसू एकाच वेळी येते.

दुसरा 'स्त्री' (२०१८), अमर कौशिक यांचा. कर्नाटकात १९९० च्या दशकात एक अफवा पसरली होती. रात्री चेटकीण दार वाजवते, म्हणून लोक दारावर कानडीत 'उद्या ये' असे लिहून ठेवत. त्या धाग्यावर मध्य प्रदेशातील चंदेरी गावाची ही गोष्ट रचली आहे. इथली चेटकीण फक्त पुरुषांना पळवते. मग काय, पुरुषांनाच अंधाराच्या आत घरी यावे लागते, रात्री एकटे बाहेर पडायची बंदी होते. काही जण तर बायकांचे कपडे घालतात! आपल्या मायबहिणी रोज जे धास्तीचे जिणे जगतात, ते दोन तास पुरुषांच्या वाट्याला येते. शिवाय ही चेटकीण शिकलेली. भिंतीवरचा मजकूर वाचते आणि मुकाट्याने परत जाते! आम्ही पोट धरून हसलो. पण तिची कहाणी कळली, की ती मागते तो फक्त मान आणि प्रेम, तेव्हा हसू विरले. शेवट सांगत नाही, तो ज्याने त्याने पाहावा.

विनोदाचे काम हेच आहे. ज्याला हसता येते, त्याच्याकडे नीट पाहताही येते. आणि नीट पाहिले की भीतीची शिलाई कुठे आहे ते दिसते.

म्हणून घरातले लेकरू असा सिनेमा पाहून घाबरले, तर त्याला 'भित्रट' म्हणून हिणवू नका. लहान पोरांना रात्री दाखवूच नका. जरा मोठी असतील त्यांच्याजवळ बसा, आवाज कमी करा, बाहुला कोण हलवत असेल ते विचारा. घाबरणे म्हणजे भूत मानणे नव्हे, एवढे त्यांना कळले तरी पुष्कळ झाले.

कारण भीतीचा व्यापार करणारे पडद्याबाहेरही आहेत. सिनेमावाला तिकिटाचे पैसे घेतो, भिववतो, आणि खेळ संपला की दिवे लावतो. गंडेदोरे विकणारा भोंदू पैसे घेतो, पण दिवे लावत नाही. आजारी माणसाला दवाखान्यापासून दूर ठेवतो, एखाद्या बाईला भुताळी ठरवतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो अशांसाठीच.

तेव्हा मंडळी, खुशाल घाबरा आणि खुशाल हसा. पण दिव्याचे बटण आपल्याच हातात ठेवा.