आम्ल, अल्क आणि आपला अभिमान

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, हार, स्मृतिचिन्ह आणि मग भाषण. भाषणात जाबिर इब्न हय्यानचं नाव हमखास येतं. ‘रसायनशास्त्राचा जनक आपला होता, गंधकाम्ल आपण शोधलं, नत्राम्ल आपण शोधलं.’ टाळ्या पडतात. समोरच्या मुलांपैकी किती जणांनी शाळेत स्वतःच्या हातानं लिटमस कागद आम्लात बुडवला, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या अभिमानाची जागा व्यासपीठावर नाही, प्रयोगशाळेत आहे. आणि त्यासाठी ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ या धड्याइतका सोयीचा धडा दुसरा नाही.

आधी इतिहासाचं बघू. जाबिरच्या नावावर शेकडो अरबी ग्रंथ आहेत. ते सगळे एकाच माणसाचे नाहीत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. खनिज आम्लं बनवण्याच्या ज्या स्पष्ट कृती त्याच्या नावावर सांगितल्या जातात, त्या युरोपात ‘गेबर’ या नावानं 1300 च्या आसपास फिरणाऱ्या लॅटिन ग्रंथांतल्या आहेत, आणि ते ग्रंथ जाबिरचे नाहीत असं बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे भाषणातला दावा डळमळीत आहे. पण म्हणून आपल्या हाती काहीच उरत नाही, असं नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी अबू बक्र अल-राझीनं ‘किताब अल-असरार’ लिहिलं. त्यात त्यानं पदार्थांची वर्गवारी केली आणि क्षारांचा वेगळा वर्ग मांडला. भट्टी, भाता, मूस, ऊर्ध्वपातनाचं भांडं अशी उपकरणांची यादी दिली आणि कृती सांगितल्या. करून बघणाऱ्या माणसाचं ते पुस्तक आहे. अभिमान बाळगायचाच तर या सवयीचा बाळगावा.

दुसरा पुरावा आपल्या मराठी पाठ्यपुस्तकातच पडून आहे. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला मराठीत ‘अल्क’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अल-कली’वरून आला. ‘कली’ म्हणजे खारट जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख. ती राख आणि चुना तेलाबरोबर शिजवून साबण करत. मराठीनं गंमत केली. अरबीतलं ‘अल’ हे नुसतं उपपद अख्खं ठेवलं आणि मूळ शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं घेतलं. पोटॅशियमची संज्ञा ‘के’ का, हा प्रश्न नववीतल्या प्रत्येक मुलाला पडतो. ती ‘कॅलियम’ची आहे, आणि कॅलियम त्याच ‘कली’वरून. एवढं सांगायला शिक्षकाला एक मिनिट लागतं, पण पाठांतराचा शब्द ओळखीचा होऊन जातो.

शब्दांचा आणखी एक घोळ आहे आणि तो आपल्या मुलांना जास्त छळतो. मराठीत ‘क्षार’ म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर तयार होणारा पदार्थ. हिंदीत त्याला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ म्हणजे आपला अल्क. उर्दूत आम्ल ‘तेजाब’ किंवा ‘तुर्शा’ होतं आणि क्षार ‘नमक’. घरी उर्दू, शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी व्हिडिओ आणि अकरावीत इंग्रजी, असा प्रवास करणाऱ्या मुलाला चारही भाषांतले शब्द एका तक्त्यात लिहून भिंतीवर लावून द्यायला हवेत. खर्च एका कागदाचा.

आता प्रयोगाचं. ‘साहित्य नाही’ ही सबब या धड्याला चालत नाही. ईदच्या पांढऱ्या कुर्त्यावर रश्शाचा डाग पडतो, साबण लावला की तो लाल होतो, धुतला की पुन्हा पिवळा. साबण आम्लारिधर्मी असतो आणि हळद हा दर्शक आहे. आपल्या आया हा प्रयोग वर्षानुवर्षं करत आल्या आहेत, फक्त त्याला कुणी गुण दिले नाहीत. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी लिंबानं गडद गुलाबी होतं, धुण्याच्या सोड्यानं हिरवट. 1664 साली रॉबर्ट बॉइलनं रंगांवरचं पुस्तक छापलं, तेव्हा त्याच्याकडेही फुलांचाच अर्क होता.

त्याहून मोठा धडा कल्हईच्या भट्टीवर आहे. हा धंदा आपल्यातल्या अनेक घरांनी केला. तापलेल्या भांड्यात कल्हईवाला नवसागराची पूड टाकून कापसानं फिरवतो आणि पांढरा धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, एक क्षार. उष्णतेनं त्याचे दोन भाग होतात: हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू आणि अमोनिया हा आम्लारिधर्मी. पहिला तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर खातो, म्हणून कथील चिकटतं. उरलेले दोन्ही वायू थंड हवेत पुन्हा भेटतात आणि पुन्हा क्षार होतात. तोच तो पांढरा धूर. आम्ल, आम्लारी आणि क्षार तिन्ही एका भांड्यात! ज्या पोराचा आजा हे काम रोज करत होता, तो पोरगा व्याख्या आठवत नाही म्हणून मागच्या बाकावर बसतो. ही गोष्ट मला बोचते.

हा प्रश्न नुसत्या गुणांचाही नाही. आपली कितीतरी मुलं नववी-दहावीनंतर गॅरेजमध्ये लागतात. तिथे बॅटरीतलं गंधकाम्ल त्यांची वाट बघत असतं. आम्लात पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल थोडं थोडं ओतायचं आणि ढवळत राहायचं, हे वाक्य त्यांनी पाठ केलेलं असतं. कारण कळलेलं नसतं: मिसळताना इतकी उष्णता निघते की वरचं पाणी उकळून आम्लासकट अंगावर उडतं. अंगावर उडालंच तर भरपूर वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, त्यावर सोडा चोळायचा नाही, हेही माहीत नसतं. घरातलं, मशिदीतलं संडास-बाथरूम चकाचक व्हावं म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकणारे लोक आहेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. या धड्याची परीक्षा बोर्ड एकदाच घेतं, आयुष्य अनेकदा.

कुणी म्हणेल, प्रयोगशाळा देणं सरकारचं आणि संस्थांचं काम आहे. आहेच. अनुदान घेऊन प्रयोगशाळेला कुलूप घालणाऱ्या संस्थेला पालकांनी जाब विचारलाच पाहिजे, संस्थाचालक आपल्या जमातीचे असले तरी. पण सत्कार समारंभाचा खर्च तर आपण स्वतः करतो. तो कशावर करायचा, हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

यंदा शाली आणि स्मृतिचिन्हं बाजूला ठेवा. त्या पैशात मोहल्ल्यातल्या शाळेला एक कपाट भरून द्या: परीक्षानळ्या, लिटमस कागद, विरल आम्लं, संरक्षक चष्मे आणि हातमोजे. एखाद्या म्हाताऱ्या कल्हईवाल्याला शाळेच्या मैदानात भट्टी लावायला बोलवा, त्याची मजुरी द्या आणि शेजारी विज्ञानाच्या शिक्षकांना उभं करा. मुली पुढच्या रांगेत असू द्या. एवढं झाल्यावर अल-राझीचं नाव खुशाल घ्या. तेव्हा मुलांना कळेल की आपण कुणाबद्दल बोलतोय.