हिशेबात न बसलेली कावीळ

काविळीबद्दल आपल्या समाजात कुतूहल कमी आणि उपायच फार. कुणी झाडपाला देतो, कुणी गळ्यात माळ घालतो, कुणी उसाच्या रसाची शिफारस करतो. बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय उपाय सांगणाऱ्याच्या पदरात पडते. त्यामुळे या रोगाचे मूळ शोधण्यात आयुष्य वेचणारी माणसे आपल्याला ठाऊक नसावीत, यात नवल नाही. काश्मीरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे त्यांपैकी एक.

नोव्हेंबर १९७८ मध्ये गुलमर्गच्या परिसरातील खेड्यांत काविळीची साथ उसळली. सुमारे २०० गावे, ६ लाखांची वस्ती. ५२,००० जणांना कावीळ आणि १,७०० मृत्यू, असा अंदाज पुढे मांडला गेला. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे 'अ' प्रकारची, हे पुस्तकी उत्तर तयारच होते. खुरूंना ते पटेना. 'अ' विषाणूची बाधा आपल्याकडे बहुधा लहानपणीच होऊन जाते आणि मग ती पुन्हा होत नाही. इथे तर तरणीताठी माणसे अंथरूण धरत होती आणि गरोदर बायका दगावत होत्या.

खुरू आणि त्यांचे सहकारी घरोघर फिरले, याद्या केल्या. त्या याद्यांतून निघालेले आकडे आजही अस्वस्थ करतात. २०८ गरोदर स्त्रियांपैकी ३६ जणींना कावीळ झाली होती. त्याच वयाच्या, पण गरोदर नसलेल्या ३,३५० स्त्रियांपैकी फक्त ७१ जणींना. रक्ताच्या तपासण्यांत 'अ' आणि 'ब' दोन्ही विषाणू बाद ठरले. हा कुणी तिसराच आहे, असे खुरूंनी १९८०च्या आपल्या शोधनिबंधात मांडले.

बरीच वर्षे बँकेत काढल्यामुळे मला या गोष्टीचे विशेष वाटते. ताळा जुळत नसला की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. दिल्लीत तेच झाले होते. १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात गटाराचे पाणी शिरून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गरोदर स्त्रियांचे मृत्यू तेव्हाही नोंदले गेले. पण साथ जमा झाली ती जुन्याच नावावर. सुदैवाने काही रोग्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्यांचा पुन्हा छडा लावला. तेही 'अ' किंवा 'ब'चे निघाले नाहीत. हा निष्कर्षही १९८०चाच.

पुढे मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या मळातून तयार केलेले द्रावण स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि १९८३ मध्ये त्या विषाणूचे दर्शन जगाला घडवले. आज आपण त्याला 'हिपॅटायटीस ई' म्हणतो.

विषाणूला नाव मिळाले, पण त्याचा मार्ग बंद झाला का? पुण्याच्या याच संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कोल्हापुरातल्या पाण्यातून आलेल्या साथीचाही अभ्यास केला होता. आपल्या शहरांत नळाला काही तासच पाणी येते. उरलेल्या वेळी नळी रिकामी असते आणि शेजारून गटार वाहत असते. नळीला फट पडली की ती घाण आत ओढून घेते. हे सांगायला विषाणूशास्त्रज्ञ लागत नाही, प्लंबर पुरे.

चीनने २०११ मध्ये या रोगावरील लशीला परवानगी दिली. पण साथ रोखण्यासाठी ती पहिल्यांदा वापरली गेली २०२२ साली, दक्षिण सुदानमधील बेंटिऊच्या निर्वासित छावणीत. मधली ११ वर्षे कुणाला घाई नव्हती, कारण मरणारे लोक गरीब होते, असेच म्हणावे लागते.

काविळीच्या प्रत्येक साथीत रक्त तपासून विषाणू ओळखला जावा, गरोदर स्त्रियांकडे सर्वांआधी पाहिले जावे आणि फुटकी जलवाहिनी हा आरोग्याचा प्रश्न मानला जावा, एवढे मागणे फार नाही. खुरूंनी घरोघर फिरून यादी केली. ती यादी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचवणे हे काम शास्त्रज्ञाचे नव्हे, आपले आहे.