काचेच्या पेटीतला दाढीवाला आणि आपली जयणा



यंदा मे महिन्यात माझा मुलगा पुण्याहून घाटंजीला आला, तो दोन बॅगा आणि एक मोठी काचेची पेटी घेऊन. पेटीत वाळूच्या रंगाचा, हातभर लांब सरडा. घाबरला की गळ्याखालची काटेरी पिशवी फुगवतो आणि ती काळी पडते, म्हणून त्याला बेअर्डेड ड्रॅगन म्हणतात. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला. पुण्यातल्या खोलीच्या मालकाने ‘हे इथे चालणार नाही’ असे सांगितले, तेव्हा ‘आई, थोडे दिवस सांभाळ’ म्हणून तो आमच्याकडे आला. सासूबाईंनी चष्मा वर करून बघितले आणि म्हणाल्या, “काऊन रे, आपल्या घरी पाली कमी होत्या का?” त्यांनीच त्याचे नाव दाढीवाला ठेवले.

या पाहुण्याने मला अडीच महिन्यांत जे शिकवले, ते आज लिहिते. कारण आता आपल्या समाजातल्या मुलांनाही कुत्र्या-मांजरापेक्षा असे काही वेगळे हवे असते, आणि आपण आया कौतुकाने किंवा कटकट नको म्हणून हो म्हणतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. सवयीने फिनाईलच्या पाण्याने खोली पुसली, आणि तोच फडका पेटीच्या तळालाही फिरवला. संध्याकाळी बघते तर दाढीवाला डोळे मिटून, तोंड उघडे ठेवून पडलेला. दोन दिवस त्याने काही खाल्ले नाही. नागपूरच्या पशुवैद्यांना फोन केला तेव्हा कळले की फिनाईलसारखी उग्र औषधे सरपटणाऱ्या जीवांना विषारी ठरतात. आपण त्या वासाला स्वच्छता समजतो, पण बंद पेटीत त्या जीवाला पळायला जागा नसते. डांबराच्या गोळ्या, मच्छर अगरबत्ती, धूप, फवारा यांचेही तसेच. त्या रात्री प्रतिक्रमणात मी त्याच्या नावाने मिच्छामि दुक्कडं म्हटले. तो वाचला, पण माझी झोप गेली.

मग मी नीट शिकले. त्याची विष्ठा दिसली की लगेच हातमोजे घालून कागदाने उचलायची. उरलेली भाजी संध्याकाळपर्यंत काढायची. पाण्याची वाटी रोज गरम पाण्याने आणि साबणाने धुवायची. तळाला वाळू नको, कारण खाताना ती पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. त्यापेक्षा साधा कागद किंवा फरशी बरी. आठवड्याला त्याची फांदी आणि दगड घासायचे. महिन्याला त्याला दुसऱ्या खोक्यात ठेवून पूर्ण पेटी धुवायची, भरपूर पाण्याने खळबळायची आणि उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय त्याला आत सोडायचे नाही.

सख्यांनो, हे वाचताना तुम्हाला काही ओळखीचे वाटले का? मला वाटले. जिथे ओल आणि घाण साचते तिथे जीवोत्पत्ती होते, म्हणून साचूच द्यायचे नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो. पाणी गाळतो, धान्य निवडतो, चूल पेटवण्याआधी पाहून घेतो. पेटीत हात घालण्याआधी कोपरा न्‌ कोपरा बघणे हे पडिलेहणच आहे. आधी जंतू वाढू द्यायचे आणि मग औषधाने मारायचे, यात दोन्हीकडून हिंसा. रोजची पाच मिनिटांची निगा ही खरी जयणा.

ही स्वच्छता फक्त त्याच्यासाठी नाही, घरासाठीही आहे. या सरड्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. सरडा धडधाकट दिसतो, पण माणसाला त्यातून जुलाब आणि ताप येतो. अमेरिकेत लहान कासवांमुळे मुले आजारी पडू लागली, तेव्हा १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायलाच बंदी घातली. २०२४ मध्ये तिथेच बेअर्डेड ड्रॅगनमुळे साल्मोनेलाची लागण झाली, आणि त्यात तान्ही बाळे होती. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांनी, म्हाताऱ्या माणसांनी आणि नाजूक प्रकृतीच्यांनी त्याला हात लावू नये. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नयेत. हात लावला की साबणाने नीट हात धुवावेत. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी त्यांच्या सामायिकाच्या खोलीपासून पेटी सर्वात लांब, मागच्या खोलीत ठेवली आणि तिची बादली, ब्रश, फडका वेगळा केला.

स्वच्छतेनंतर सुरक्षितता. या प्राण्याला स्वतःचे अंग आतून गरम ठेवता येत नाही. पेटीचे एक टोक तापलेले, साधारण चाळीस अंश, आणि दुसरे पंचवीस-अठ्ठावीस अंशांचे असावे लागते, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे सरकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा दिवा बंद करावा लागतो, नाहीतर थंड कोपराच उरत नाही. कूलरसमोर पेटी ठेवावी तर दमट हवेने त्याच्या छातीला त्रास. पावसाळ्यात तीच काळजी, आणि हिवाळ्याच्या रात्री उलटी. शिवाय त्याला अतिनील किरणांचा खास दिवा लागतो. तो नसेल तर हाडे मऊ पडून वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्या कामाचे नाही, कारण काच ते किरण अडवते. दिवा पेटत दिसला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याची शक्ती संपते, म्हणून तो बदलावा लागतो. लाईट गेली की माझा जीव टांगणीला.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ आहेत. जीवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, पेलवणार नाही एवढे ओझे घालणे आणि अन्नपाणी तोडणे. मी ते लहानपणापासून म्हणत आले, पण बैलगाडीच्या काळातले समजून. काचेच्या पेटीसमोर बसल्यावर कळले की पहिला अतिचार माझ्याच मागच्या खोलीत, दिव्याखाली बसला आहे. आणि पाचव्याने तर मला कोंडीत पकडले.

कारण हा प्राणी नुसत्या भाजीवर जगत नाही. मोठा झाल्यावर त्याच्या आहारात पालेभाजी, लाल भोपळा जास्त असतो हे खरे, पण किडे लागतातच. लहान असताना तर बहुतेक आहार किड्यांचाच. मुलगा जाताना जिवंत अळ्या आणि रातकिड्यांचे डबे ठेवून गेला होता. रातकिडा म्हणजे आपल्या गणतीत चौरिंद्रिय जीव. पाण्यातला अदृश्य जीव वाचवायला गाळणे लावणारी मी, डोळ्यांदेखत डोळे असलेला जीव कसा टाकू?

मी एक पळवाट काढली. शेजारच्या मुलाला दर खेपेला वीस रुपये देऊन त्याच्याकडून किडे घालायला लावले, आणि तेवढा वेळ मी अंगणात उभी राहायची. चार-पाच दिवस सासूबाईंनी बघितले. मग शांतपणे विचारले, “हात त्याचा, पैसा तुझा. मंग पाप कोणाचं?” कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे, केलेल्याला मान देणे. तिन्ही आपण शिकलो, पण सोयीचे असेल तेव्हा पहिलेच आठवते.

मग किडे बंद करावेत का? तसे केले तर पंचेंद्रिय जीवाला उपाशी ठेवल्याचा दोष, अन्नपाणी तोडण्याचा. कोणी सुचवले, शेतात सोडून द्या. परदेशी प्राणी आपल्या रानात सोडला तर एकतर तो तडफडून मरतो, नाहीतर जगून इथल्या जीवांवर उठतो. टिपेश्वरचे जंगल आपल्या इतके जवळ आहे, तिथल्या जीवांचाही विचार हवा. सोडून देणे ही सुटका नाही, जबाबदारी टाकणे आहे.

दिल्लीच्या चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारातले जैन पक्षी रुग्णालय प्रसिद्ध आहे. तिथे घार, गिधाड अशा मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना शाकाहारी पक्ष्यांसारखे आत दाखल करून घेण्याची रीत नाही. मला त्यातला विवेक आवडतो. दुखणाऱ्या जीवाला नाकारायचे नाही, पण ज्याचे पोषण आपल्या व्रतात बसत नाही त्याला हौसेने घरात ठेवायचे नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत असतीजनपोषण आहे. हिंसक प्राणी पाळणे त्यात धरतात. पूर्वजांनी ही कोंडी आधीच ओळखली होती.

म्हणून माझे मत स्पष्ट लिहिते. असा प्राणी विकत घेऊ नका, मुलांना घेऊ देऊ नका. पाप किडा घालताना सुरू होत नाही, ते दुकानात पैसे मोजताना सुरू होते. आपण एक घेतला की विकणारा दुसरा तयार करतो. कायदाही बघा. आपल्याकडचे तारा कासव, घोरपड, पोपट घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनेक परदेशी प्राण्यांचीही नोंदणी करावी लागते. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, वनविभागाला विचारा.

पण घरात आलाच असेल, तर त्याच्यावर राग काढू नका. त्याने आपल्या घरी यायचे ठरवले नव्हते. त्याची पेटी आपल्या स्वयंपाकघराइतकी स्वच्छ ठेवा, दिवा वेळेवर बदला, उपाशी ठेवू नका. त्याचे आयुष्य आठ-दहा वर्षांचे असते, तेवढी जबाबदारी धरा. आणि त्यात होणारी हिंसा धर्माच्या नावाखाली झाकू नका, रोज आलोचनेत मांडा.

पर्युषणाच्या आधी मी मुलाला बोलावून घेतले. म्हटले, “तू आणलास, तूच सांभाळ. किडे तूच घाल, आणि घालताना बघ.” त्याने पुण्यात दुसरी खोली शोधली आणि दाढीवाल्याला घेऊन गेला. दुसरा आणणार नाही, असे आजीसमोर पच्चक्खाण घेतले. मी सुटले असे मी म्हणत नाही. मुलगा माझा आहे.

मागची खोली आता रिकामी आहे. सवयीने मी अजून रोज सकाळी तिथे जाऊन कोपरे बघते. परवा भिंतीवर आपली साधी पाल दिसली. ना पेटी, ना दिवा, आपल्या कर्माने आली, आपल्या कर्माने जाईल. मी हळूच दार लोटून घेतले.