चाल परत घेण्याचे बटण

ब्रेनव्हिटाची वाटोळी पाटी सोडून गोट्यांचा डाव आता मोबाईलच्या पडद्यावर मांडला जातो. त्यात हळहळण्याजोगे मला काही दिसत नाही. खेळ तोच आहे. घरे ३३, गोट्या ३२, मधले घर रिकामे. शेजारच्या गोटीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारावी, ओलांडलेली गोटी उचलावी; उडी उभी वा आडवी, तिरपी नव्हे. ३१ उड्यांनंतर उरलेली एकच गोटी मध्यावर आली की डाव साधला. १६९७ सालच्या एका फ्रेंच चित्रात हा खेळ आढळतो. एवढ्या जुन्या खेळाचे पाटी बदलल्याने काही बिघडत नाही.

बिघडते ते चाल परत घेण्याच्या बटणाने. पाटीवर गोटी मागे न्यायची तर निदान आधीची चाल आठवावी लागे. आता आठवण्याचे कामही यंत्रच करते. मग चार पंखांतल्या कडेच्या गोट्या वेळीच आत ओढाव्यात, एकट्या पडल्या की त्या उचलता येत नाहीत, हे ध्यानात यावे कसे?

मी गाणे शिकवतो. गळ्यातून निघालेला सूर परत घेता येत नाही, म्हणून तो लावण्यापूर्वी मनात ऐकावा लागतो. डावाचेही तसेच. १९१२ साली अर्नेस्ट बर्गहोल्ट यांनी, सलग उड्यांची एक चाल धरून, हा डाव १८ चालींत सोडविला. ते काम चाचपडत होण्याजोगे नव्हे.

पालकांनी मोबाईल हिसकावू नये. फसलेला डाव मुलांना पहिल्यापासून मांडू द्यावा. ते बटण तेवढे वर्ज्य करावे.