आधी नवल, मग नियम

आपल्या घरांत मुलांचे धार्मिक शिक्षण बहुधा पाठांतराने सुरू होते आणि पाठांतरावरच थांबते. कलिमे पाठ, दुआ पाठ, दहा सूरह पाठ. पाहुणे आले की मूल घडाघडा म्हणून दाखवते आणि आपल्याला अभिमान वाटतो. पाठांतर नको असे मी म्हणत नाही. पण अल्लाहशी मुलाचे नाते फक्त जिभेवर राहते की मनातही उतरते, हे आपण कधी पाहतो का?

पाठांतराच्या जोडीला असते भीती. दूध सांडले, खोटे बोलला, की लगेच ‘अल्लाह मारेगा’. प्रत्येक कामाच्या आरंभी ज्याला आपण रहमान आणि रहीम म्हणतो, त्याची पाच-सहा वर्षांच्या मुलाशी पहिली ओळख आपण छडी घेतलेल्या मास्तरासारखी करून देतो. हिशेबाचा दिवस शिकवायचाच आहे, पण ज्याच्यावर अजून प्रेमच जडले नाही त्याची नुसती भीती घातली, तर मूल मोठेपणी लांब पळते.

कुरआनची रीत पाहा. सूरह यूसुफमध्ये तर एक अख्खी गोष्टच आहे. विहिरीत टाकलेला भाऊ, स्वप्ने, तुरुंग आणि शेवटी भावांना माफी. सूरह नमलमध्ये एक मुंगी बाकीच्या मुंग्यांना सावध करते आणि तिचे बोलणे ऐकून हजरत सुलेमान (अ.) यांना हसू येते. हजरत इब्राहीम (अ.) तारा, चंद्र, सूर्य पाहतात आणि जो मावळतो तो रब नव्हे, इथपर्यंत पोहोचतात.

पैगंबर (स.) यांचे वागणेही तसेच होते. अबू उमैर नावाच्या लहान मुलाने एक चिमुकला पक्षी पाळला होता. पैगंबर (स.) त्या मुलाला भेटले की आवर्जून त्या पक्ष्याची चौकशी करीत. एकदा सजद्यात असताना नातू पाठीवर चढून बसला, तेव्हा त्याचे मन भरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला. आपल्या मशिदीत मात्र मूल जरा हसले की कुणीतरी डोळे वटारतो.

खेळातून मन कसे घडते, हे विदर्भात वेगळे सांगायला नको. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून घरोघरी जातात, बोजारा मिळवतात. राबणाऱ्या जनावराचे ऋण मानावे, यावर त्यांना कुणी भाषण देत नाही. आपल्या यवतमाळच्या मुलांना नवलासाठीही लांब जावे लागत नाही. काळ्या मातीत टाकलेल्या एका सरकीतून झाड येते, बोंड धरते, फुटते आणि आत पांढराशुभ्र कापूस! त्याच्यासमोर मुलासोबत दोन मिनिटे थांबून ‘सुब्हानअल्लाह’ म्हणा. तो शब्द त्याला कायमचा कळेल.

गोष्टीचे बळ साने गुरुजींनी ओळखले होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली आणि आईचे संस्कार घरगुती प्रसंगांतून सांगितले. मी वर्गात प्रेमचंदांची ‘ईदगाह’ वाचते. हामिद ईदच्या जत्रेत खेळणे न घेता दादीसाठी चिमटा आणतो, ती गोष्ट. ‘यातून काय शिकलात?’ असे विचारले की मुले परीक्षेतले उत्तर देतात, ‘मोठ्यांची सेवा करावी.’ काहीच विचारले नाही, तर थोड्या वेळाने एखादी मुलगी म्हणते, ‘मॅडम, दादीची बोटे रोज भाजत असतील ना?’ गोष्ट तिथे पोहोचलेली असते.

काही पालक म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? मकतबमध्ये सबक संपल्यावर पाच मिनिटे गोष्टीला द्या. घरी इशानंतर मोबाइल बाजूला ठेवून मुलाला अंगणात किंवा गच्चीवर न्या आणि हजरत इब्राहीम (अ.) यांची ताऱ्याची गोष्ट आकाशाखाली सांगा. मुलाने अवघड प्रश्न विचारला तर रागावू नका. उत्तर येत नसेल तर ‘आपण मिळून शोधू’ म्हणा. आणि तात्पर्य सांगायची घाई तेवढी करू नका.