विस्तवालाही श्वास हवा!

कापसाची वेचणी संपली की अकोला-अमरावतीकडच्या खेड्यांत घराशेजारी पऱ्हाट्यांचे ढीग रचले जातात. चुलीचं जळण ते! २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, पुष्कळ घरांत गॅस आला. तरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापवणारी घरं आहेतच. जुन्या घरात धूर कवेलूंच्या फटींतून निघून जाई. आता वर स्लॅब आला. मग धुरानं जावं कुठून?

मोठ्या माणसाला सोबत घेऊन पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घाला. ज्योत मंदावते, विझते. प्राणवायू कमी पडला ना! चुलीला, शेगडीला तो कमी पडला, की जळण अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. तो मोठा लबाड! त्याला ना रंग, ना वास. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात, म्हणून गळती कळते. इथे मात्र नाक काहीच सांगत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागा कुठली?

तुम्ही म्हणाल, “बाई, आमच्याकडे चूलच नाही!” पण गॅसचा गिझर? थंडीत न्हाणीघराची खिडकी लावली, आत गिझर सुरू, की झालाच तो उपडा ग्लास! गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत हवा. आणि लालबुंद निखाऱ्यांची शेगडी? धूर दिसत नाही, पण हा वायू निघतोच. ती बंद खोलीत घेऊन कधीही झोपू नये.

आजचा गृहपाठ : घरातला विस्तव तपासा. गरम धूर वर चढतो, म्हणून वरती धुराडं किंवा झरोका हवा. ताजी हवा आत यायला खाली वाट हवी. धुराड्यात काजळी किंवा चिमणीचं घरटं अडकलंय का, ते बाबांना बघायला सांगा.

विस्तव पेटलेला असताना कुणाचं डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर लगेच सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, मोठ्यांना हाक मारायची आणि १०८ ला फोन करायचा. कुणी आत पडलं असेल, तर एकट्यानं आत धावायचं नाही. कळलं ना?